परदेशात स्वतःच्या जबाबदारीवर फिरताना ॲपवरच्या गाड्या: कुठे काय चालते, कुठे काय अडते?

अंबाझरीकाठ

टूर कंपनीच्या मागे न लागता विमान आणि हॉटेल स्वतः ठरवून परदेशी जाणारी बरीच कुटुंबे आता नागपुरातही दिसतात. अशा प्रत्येक घरात निघण्यापूर्वी ‘तिथे उतरल्यावर हॉटेलपर्यंत पोहोचायचे कसे’ हा प्रश्न हमखास निघतो आणि ‘उबर आहे ना’ असे म्हणून तो तिथेच मिटवलाही जातो. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. म्हणून हा धागा.

फोनवरचे ॲप एकच असले तरी त्यामागचा कायदा प्रत्येक देशाचा वेगळा असतो. त्यामुळे बोट तेच बटण दाबते, पण लंडनमध्ये खासगी भाडेगाडीचा परवाना असलेली मोटार येते, तर इस्तंबूल किंवा अथेन्समध्ये रस्त्यावर हात दाखवून थांबवता आली असती तीच टॅक्सी समोर उभी राहते. जर्मनीत उबर परवानाधारक भाडेगाडी कंपन्यांकडून काम करून घेते. अशा गाडीने फेरी संपल्यावर आपल्या ठिकाणी परत जावे असा तिथला कायदा आहे. टॅक्सीसारखे गिऱ्हाईक शोधत रस्त्यावर थांबणे तिला चालत नाही. जपानमध्येही उबरवर प्रामुख्याने टॅक्सीच येते आणि भाडेही टॅक्सीचेच, म्हणजे चांगलेच महाग असते. डिसेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने उबर ही नुसती माहिती पुरवणारी सेवा नसून वाहतुकीचा व्यवसाय आहे असा निर्णय दिला आणि त्यामुळे तिथल्या प्रत्येक देशाला वाहतुकीचे आपापले नियम तिला लावण्याची मोकळीक राहिली. हंगेरीतून २०१६ मध्ये बाहेर पडलेली उबर २०२४ मध्ये बुडापेस्टला परतली, तीसुद्धा स्थानिक टॅक्सी कंपनीचा हात धरूनच.

आपल्याकडचे बरेच लोक जातात त्या आग्नेय आशियात तर उबर नाहीच. मार्च २०१८ मध्ये तिने तिथला सगळा कारभार ग्रॅब या प्रतिस्पर्धी कंपनीला देऊन टाकला. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, कंबोडिया आणि म्यानमार या आठ देशांत ग्रॅब चालते. त्याच्या जोडीला थायलंडमध्ये बोल्ट, इंडोनेशियात गोजेक आणि व्हिएतनाममध्ये हिरव्या-निळसर विजेवरच्या गाड्यांची झान एसएम ही सेवा आहे. श्रीलंकेत पिकमी आणि उबर, नेपाळात पठाओ आणि इनड्राइव्ह, दुबईत करीम आणि उबर, कझाकस्तान व उझबेकिस्तानात यांडेक्स गो अशी साधारण विभागणी आहे. ज्या देशात जायचे तिथली दोन ॲप घरूनच फोनवर घ्यावीत आणि त्यांतले एक तरी स्थानिक असावे, असे माझे मत आहे.

ॲप घेणे म्हणजे केवळ उतरवून ठेवणे नव्हे. आपला भारतीय क्रमांक टाकून, ओटीपी घेऊन, कार्ड जोडून खाते नागपुरातच सुरू करावे. परदेशी पोहोचल्यावर फोनमध्ये नवे ई-सिम (म्हणजे कार्डाशिवायचे, फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम) पडलेले असते, त्या ई-सिमला बहुधा नुसता डेटा असतो आणि फोन क्रमांक नसतो. अशा वेळी ओटीपी ज्या भारतीय सिमवर येणार, ते बंद करून ठेवलेले असते. विमानतळावर सामानाची गाडी एका हाताने धरून ही उस्तवार करणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली असतील.

निंबूपाणी

ताई, धागा वेळेवर आला. आम्ही दोघे जानेवारीत मलेशिया आणि सिंगापूरला जाण्याचा विचार करत आहोत. कार्डाविषयी थोडे अधिक लिहाल का? येथे मी सगळे व्यवहार यूपीआयने करतो, क्रेडिट कार्ड वर्षानुवर्षे कपाटात पडून आहे आणि डेबिट कार्ड रुपेचे आहे.

अंबाझरीकाठ

निंबूपाणी, तुमच्या कपाटातले क्रेडिट कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर तेच बाहेर काढा. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, श्रीलंका अशा काही देशांत ठरावीक दुकानांत यूपीआय चालते, पण गाड्यांच्या ॲपसाठी त्यावर किंवा रुपे कार्डावर विसंबून जाऊ नये.

कार्ड असणे आणि ते परदेशात चालणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आपोआप सुरू नसतात. ग्राहकाने ते सुरू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही खटके चालू करून मर्यादा ठरवून घ्यावी. मर्यादा फार लहान ठेवू नये, कारण काही ॲप फेरीपूर्वी अंदाजे भाडे कार्डावर अडवून ठेवतात आणि ती रक्कम मोकळी होण्यास वेळ लागतो. परकीय चलनातल्या खर्चावर बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के शुल्क घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. भाडे रुपयांत आकारू का असे विचारले गेले, तर स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांत बदलताना लावला जाणारा दर बहुधा आपल्या फायद्याचा नसतो.

भारतीय सिम काढून टाकू नका. निघण्यापूर्वी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या, तिथे त्याचा डेटा बंद ठेवा आणि केवळ एसएमएस येण्यापुरते ते जिवंत असू द्या. येणाऱ्या एसएमएसचे पैसे बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

तेलंगखेडी

मला या सगळ्या उत्साहावर थोडे पाणी टाकावेसे वाटते. परदेशात गाडी मागवत फिरायचे असेल, तर मग टूर कंपनीची बस काय वाईट होती? सिंगापूरला भुयारी रेल्वेच्या फाटकावर आपले संपर्करहित कार्ड टेकवले की प्रवास होतो, तिकीट काढण्याचीही गरज नाही. बँकॉकला संध्याकाळी सुखुमवित रस्त्यावर ॲपची गाडी मागवणे म्हणजे पैसे देऊन वाहतूक कोंडीत बसणे आहे. डोक्यावरून बीटीएस ही उन्नत रेल्वे धावत असते आणि तुम्ही खाली तासभर त्याच चौकात. आपल्या मेट्रोत बर्डीहून खापरीला सुखाने जाणारी माणसे परदेशी जाताच रेल्वेला का घाबरतात, हे मला उमजलेले नाही.

संत्रामार्केट

तेलंगखेडी, सिंगापूर आणि बँकॉकबाबत पूर्ण सहमत. पण हाच नियम क्वालालंपूरला लावून पाहा. तिथला विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरहून दूर आहे. जलदगाडी २८ मिनिटांत नेते हे खरे, पण एका प्रौढाचे तिकीट ५५ रिंगिट, म्हणजे चार प्रौढांचे २२० रिंगिट झाले आणि सेंट्रल स्थानकावर उतरल्यावर हॉटेलपर्यंत पुन्हा गाडी करायचीच. ग्रॅबची गाडी एरवी याच्या निम्म्याहून कमी पैशांत चौघांना हॉटेलच्या दारात सोडते. मलेशियात टोल भाड्यावर वेगळा लागतो, तो लक्षात घेतला तरी हिशेब बदलत नाही. एकटा माणूस असेल तर मात्र रेल्वे आणि गाडी यांत फारसा फरक उरत नाही.

म्हणून रेल्वे की गाडी या प्रश्नाला एक उत्तर नाही. किती माणसे आहेत, बॅगा किती आहेत आणि स्थानकापासून पुढे किती चालायचे आहे, यावर ते ठरते. सत्तरी ओलांडलेले आई-वडील बरोबर असतील, तर शेवटच्या अर्ध्या किलोमीटरसाठीही मी गाडीच मागवीन.

तेलंगखेडी

आई-वडिलांचा मुद्दा मान्य. सहलीला गेलेल्या धडधाकट मंडळींविषयी मी बोलत होतो.

मानेवाडा_चौक

विमानतळावरून बाहेर पडण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

हो ची मिन्ह सिटीच्या तान सोन न्यूत विमानतळाबाहेर आलात की गर्दीतून चार-पाच जण ‘ग्रॅब, ग्रॅब’ म्हणत पुढे येतात. एखाद्याच्या अंगात हिरवे जॅकेट असते, दुसरा आपल्या फोनच्या पडद्यावर ॲपसारखे काहीतरी दाखवून ‘हीच तुमची गाडी’ असे सांगतो. ॲपचा खरा चालक गिऱ्हाईक शोधत फिरत नाही. गिऱ्हाईक त्याला ॲपने आधीच दिलेले असते. त्यामुळे जो स्वतःहून जवळ येतो तो तुमचा नाही, एवढे धरून चालले तरी पुरते.

दुसरी खूण गाडीच्या क्रमांकाची. त्या शहरात बहुतेक मोटारींचा क्रमांक ५१ ने सुरू होतो, आपल्याकडे एमएच ३१ आणि ४९ दिसतात तसाच. रांगेत उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्यांत सुरुवातीचे आकडे पाहून काही कळत नाही. शेवटचे पाच अंक जुळवावे लागतात. याच्या उलट कझाकस्तानातल्या अल्माटीत क्रमांकाच्या शेवटी शहराचा संकेत ०२ असतो, तेव्हा तिथे शेवट पाहून उपयोग नाही, सुरुवातीचे तीन अंक पाहावेत.

तिसरी गोष्ट पैशांची. व्हिएतनाममध्ये रोख देणार असाल, तर २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर रंगाच्या असतात. रात्री गाडीतल्या अंधुक उजेडात एकीऐवजी दुसरी हातातून गेली, तर पंचवीसपट पैसे गेले. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि नोट देताना आकडा मोठ्याने वाचून द्यावी.

आणखी एक बारीक अडचण कोणी सांगत नाही. विमानतळाच्या फुकट वाय-फायवर गाडी मागवली की ती पक्की होते, पण आपण दाराबाहेर रस्त्याच्या कडेला येताच वाय-फाय तुटते. चालक ‘तिसऱ्या खांबापाशी आहे’ असे लिहितो, ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि थांबण्याची मोफत मिनिटे संपून शुल्क सुरू होते. स्वतःचा डेटा सुरू झाल्याशिवाय गाडी मागवू नये. ग्रॅबमधल्या संदेशांचे भाषांतर आपोआप होते, त्यामुळे चालकाशी फोनवर बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते.

गांधीसागर

बालीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तिथे ग्रॅब आणि गोजेक दोन्ही चालतात, विमानतळावर ग्रॅबची स्वतःची प्रतीक्षा जागाही आहे. पण उबुदसारख्या भागात काही गल्ल्यांच्या तोंडाशी ‘ऑनलाइन टॅक्सीला प्रवेश नाही’ अशा पाट्या दिसतात. गावातल्या चालकांची संघटना असते आणि त्या गावातून प्रवासी उचलण्याचा हक्क आपला आहे असे ती मानते. ॲपची गाडी तुम्हाला तिथे सोडू शकते, पण परत नेण्यासाठी यायला चालक तयार होत नाही, किंवा चार पावले पुढे मोठ्या रस्त्यावर या असे कळवतो.

याला आपल्याकडचे अनेक प्रवासी सरसकट ‘लोकल माफिया’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आपल्या रेल्वे स्थानकाबाहेर ऑटोवाले आणि ॲपच्या गाड्या यांच्यात जी धुसफूस चालते, तिचे मूळही असेच आहे. ज्याने आयुष्यभर त्या नाक्यावर धंदा केला, त्याला एका रात्रीत कोणीतरी सांगते की आता भाव फोन ठरवेल. प्रवाशाला स्वस्त गाडी हवी असते हे चूक नाही; परंतु पाहुणे म्हणून गेलेल्या गावात त्या पाटीशी वाद घालण्याचे कारण नाही. उबुद ते उलुवातू अशा लांबच्या दिवसासाठी स्थानिक चालक गाडीसह दिवसभराकरिता ठरवावा, भाव आधी बोलून घ्यावा. चार ठिकाणी चार वेळा गाडी मागवण्यापेक्षा ते सोयीचेही पडते.

संत्रामार्केट

गांधीसागर, हे म्हणणे तत्त्वतः योग्य आहे, पण ‘भाव आधी बोलून घ्यावा’ हे वाक्य लिहायला जितके सोपे तितके करायला नाही. भाषा येत नाही, अंतराचा अंदाज नाही, रोजचा दर ठाऊक नाही. मग घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

गांधीसागर

ॲपच्याच जोरावर. गाडी न मागवता नुसते ठिकाण टाकले तरी ॲप भाडे दाखवते. तो आकडा मनाशी ठेवून बोलणी करावीत. त्याहून थोडे अधिक देण्याची तयारी असली की सौदा सहज जमतो. इनड्राइव्हमध्ये तर हीच घासाघीस ॲपच्या आत होते: प्रवासी आपला भाव सांगतो, चालक तो स्वीकारतो किंवा वाढवून मागतो. आपल्या इतवारी बाजारात खरेदी केलेल्या माणसाला त्यात अवघड वाटण्याचे कारण नाही.

जरीपटका_लाइन

आम्ही नागपूरहून शारजाला उतरून दुबईला जाणार आहोत, असे घरात ठरत आहे. तिथे साधी टॅक्सी घ्यावी की ॲपची? दुसरे, माझी मुलगी पुढे एकटी आठ दिवस राहणार आहे. सुरक्षेच्या दृष्टीने काही सुचवाल का?

अंबाझरीकाठ

दुबईत साधी टॅक्सी उत्तम आहे, मीटरने चालते आणि तिची किंमत सहसा उबरच्या मोटारीपेक्षा कमी असते. तीच टॅक्सी ॲपवरूनही मागवता येते: करीममध्ये ‘हला’ नावाचा पर्याय आहे, तो दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाबरोबरचा संयुक्त उपक्रम आहे. शारजा ही निराळी अमिरात असल्याने परतीच्या वेळी दुबईच्या टॅक्सीने शारजा विमानतळ गाठायचा असेल, तर हद्द ओलांडण्याचे २० दिर्हॅम आणि रस्त्यातले टोल भाड्यात मिळवावेत. मुलीसाठी तिथे गुलाबी छताच्या टॅक्सी आहेत. त्या महिला चालवतात आणि त्या महिला व कुटुंबांसाठीच असतात.

एकटीने फिरताना मी स्वतः पाळते ते सांगते. गाडीत बसण्यापूर्वी चालकाला ‘तुम्ही कोणाला न्यायला आला आहात’ असे विचारते आणि माझे नाव त्याच्या तोंडून येऊ देते. मी आधी सांगत नाही. मागच्या आसनावर बसते. फेरीचा दुवा घरी पाठवते, म्हणजे येथे नागपुरात बसलेल्या माणसाला गाडी नकाशावर सरकताना दिसते. उबरमध्ये पिन घेऊनच फेरी सुरू करण्याची सोय आहे, ती मुलीच्या फोनवर चालू करून द्या. ‘ॲपवरची फेरी रद्द करा, रोख द्या, कमी घेतो’ असे कोणी म्हटले, तर नम्रपणे उतरावे. फेरी रद्द झाली की ती गाडी कुठे गेली याची नोंद उरत नाही, आणि वाचलेले पैसे त्या जोखमीच्या मानाने किरकोळ असतात.

खामला_बाजार

चीनचे कोणी विचारले नाही, पण भारतीयांना तिथला पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागल्यामुळे थोडक्यात नोंदवतो. तिथे उबर नाही, तिचा चीनमधला व्यवसाय २०१६ मध्ये दीदी या तिथल्या कंपनीकडे गेला. दीदी इंग्रजीत वापरता येते आणि अलीपे या पैसे भरण्याच्या चिनी ॲपच्या आतूनही उघडते. अलीपेला आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के. गूगल नकाशावर मात्र तिथे विसंबू नये. तो साध्या इंटरनेटवर उघडतच नाही, आणि उघडला तरी चीनची नकाशापद्धत निराळी असल्यामुळे ठिकाण काही शे मीटर सरकलेले दिसू शकते. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनवर ठेवून तोच दीदीत चिकटवावा.

निंबूपाणी

सर्वांचे आभार. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार खरोखरच बंद होते, आजच सुरू केले. आता शेवटचा प्रश्न. आमच्याबरोबर मुलगा, सून आणि सहा वर्षांची नातही येण्याची शक्यता आहे. पाच माणसे आणि चार मोठ्या बॅगा एका गाडीत मावतील का, आणि मुलांसाठी काही निराळे नियम आहेत का?

अंबाझरीकाठ

काका, पाच जण म्हटल्यावर साधी गाडी सोडून द्या. चार आसनी गाडीत चालक पाचव्या माणसाला घेणार नाही, मग ते मूल मांडीवर बसणार असले तरी. ग्रॅबमध्ये सहा आसनी गाडीचा पर्याय आहे, तो निवडा. त्यातही सर्व आसने भरली की मागे बॅगांना जागा थोडीच राहते. चार मोठ्या बॅगा असतील, तर विमानतळाच्या फेरीपुरत्या चार आसनी अशा दोन गाड्या कराव्यात आणि प्रत्येक गाडीत चालू डेटा असलेला एक फोन ठेवावा.

नातीच्या बाबतीत सिंगापूरचा नियम काटेकोर आहे. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोटारीत योग्य आसन किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतो आणि हा नियम ॲपवरच्या खासगी गाड्यांनाही लागू आहे. टॅक्सीला त्यातून सूट आहे. म्हणून खासगी गाडी मागवून चालकाने नकार दिला, तर तो उद्धटपणा समजू नये, दंड त्याला भरावा लागतो. ग्रॅबमध्ये मुलांच्या आसनासह गाडी मागवता येते, पण ती मिळायला वेळ लागतो आणि भाडेही जास्त पडते. घाई असेल, तर त्याच ॲपमध्ये टॅक्सीचा पर्याय निवडा. निघण्यापूर्वी घरीच नातीची उंची मोजून घ्या. सहा वर्षांच्या मुली बहुधा या मर्यादेच्या आतच असतात.